अलपिष्टन साहेबांचे गाव

आपल्याकडे नवा माणूस भेटला आणि त्याने आडनाव सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “म्हणजे मूळचे कुठले?” चिपळूणकर, वेंगुर्लेकर, सांगलीकर, मडगावकर या नावांना तर तोही प्रश्न विचारावा लागत नाही. गाव नावातच बसलेले असते. मात्र शंभर वर्षांत ज्याने चिपळूण पाहिलेले नाही असा चिपळूणकर आपल्याला नागपुरात भेटतो, इंदुरात भेटतो, आणि चिपळुणात पाहावे तर त्या नावाचे घर शोधावे लागते. गावाचे नाव घेऊन माणूस निघतो तो गाव सोडतानाच. गावात राहणाऱ्याला गावचे नाव लावण्याची गरज काय?

साता समुद्रांपलीकडच्या एका आडनावाची अशीच कथा आहे. ते आडनाव स्कॉटलंडचे, तिथेही दुर्मीळ. स्मिथ, ब्राऊन, विल्सन ही मंडळी त्या देशात पैशाला पासरी मिळतात, हे आडनाव मात्र शोधावे लागते. असे असूनही मुंबईच्या गिरणगावातल्या कामगाराच्या तोंडी ते दिवसातून दोन वेळा येत असे, आणि पुण्याच्या मोडी कागदांत दोनशे वर्षांपूर्वीच ते शिरले होते. हे नाव एल्फिन्स्टन. पेशवाईच्या अखेरच्या मराठी माणसाने ते आपल्या जिभेला सोयीचे करून घेतले, आणि त्याचे झाले ‘अलपिष्टन’.

हा अलपिष्टन मुळात कुठला?

गाव आणि गढी

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो. तिच्या पूर्वेला सुमारे १० मैलांवर, ईस्ट लोदियन परगण्यात, ट्रेनंट या कसब्याजवळ एल्फिन्स्टन नावाचे खेडे आहे. नावाच्या शेवटी ‘स्टोन’ दिसतो म्हणून कुणी तिथे दगड शोधू नये. तो ‘स्टोन’ नव्हे, ‘टन’ आहे. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली शेतवाडी, वस्ती. एल्फिन किंवा तशाच नावाच्या कुणा शेतकऱ्याची ती वाडी. आपल्याकडे गोविंदाची वाडी ती गोविंदवाडी, त्यातलाच हा प्रकार. तेराव्या शतकातल्या कागदांत हे नाव ‘एल्फिनिस्टून’ असे लिहिलेले सापडते, आणि तेव्हाच ते जमिनीबरोबर माणसांच्या नावापुढेही दिसू लागते.

पुढे घराणे मोठे झाले तशी नावाची व्युत्पत्तीही मोठी झाली. जर्मनीहून आलेला हेल्फेनस्टाईन नावाचा कुणी शूर सरदार हा आपला मूळ पुरुष, अशी दंतकथा जुळवण्यात आली. यात आपण हसण्यासारखे काही नाही. आपल्याकडेही चार पिढ्या पाटिलकी टिकली, की मूळ पुरुष थेट चितोडगडाहून निघतो.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात आडनावे बापाच्या नावावरून पडली. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. त्यातून मॅकडोनल्ड, मॅकग्रेगर निघाले. दक्षिणेकडील सपाट, सुपीक मुलखात बाराव्या शतकापासून राजाने जमिनी लिहून द्यायला सुरुवात केली, आणि ज्याची जमीन त्याचे नाव असा प्रघात पडला. एल्फिन्स्टन हे या दुसऱ्या जातीचे, म्हणजे चक्क वतनी आडनाव. ज्याचे आडनाव आणि वतनाचा गाव एकच, त्याला स्कॉटलंडात ‘ऑफ दॅट इल्क’ म्हणतात. म्हणजे ‘त्याच नावाच्या गावचा’. ‘एल्फिन्स्टन ऑफ दॅट इल्क’ हा मान या घराण्याला होता. पण तो फार दिवस टिकला नाही.

गाव सुटले, नाव निघाले

पंधराव्या शतकात मूळ घरात मुलगी वारस राहिली. तिचे लग्न जॉन्स्टन घराण्यात झाले, आणि गाव, गढी, जमीन सारे तिच्याबरोबर जॉन्स्टनांकडे गेले. आडनाव तेवढे चुलत घराण्याकडे उरले. म्हणजे एल्फिन्स्टन गावात जॉन्स्टन आणि एल्फिन्स्टन गावाबाहेर! ती चौरस, दगडी गढी पुढे एका दुःखद प्रसंगाची साक्षीदार झाली. १५४६ च्या आरंभी धर्मसुधारक जॉर्ज विशार्ट याला पकडून कार्डिनल बीटनपुढे इथेच आणले गेले होते, आणि त्याच वर्षी सेंट अँड्र्यूज येथे त्याला जाळण्यात आले. गावाखाली दगडी कोळसा होता. तो पिढ्यान्‌पिढ्या उपसला गेला, पोटातली जमीन पोकळ झाली, गढीला तडे गेले, आणि १९५५ साली ती बहुतेक पाडावी लागली.

चुलत घराणे पश्चिमेला स्टर्लिंग परगण्यात, फोर्थ नदीच्या काठी एअर्थजवळ जाऊन राहिले. तिथे त्यांनी केले काय? नव्या जहागिरीलाच ‘एल्फिन्स्टन’ नाव दिले आणि नवी गढी उभारली. गावाने माणसाला नाव दिले होते. आता माणसाने ते दुसऱ्या जागेला दिले. १७५४ साली ही इस्टेट डनमोरच्या अर्लने विकत घेतली आणि तिचे डनमोर पार्क करून टाकले. पाटी बदलण्याचा प्रकार आपल्याकडेच होतो असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

स्कॉटलंडच्या नकाशावर या नावाची बेटे कशी उमटली ते पाहिले, तर प्रत्येक बेटामागे राजाची मर्जी किंवा एखादे लग्न असते. चौथ्या जेम्स राजाने अलेक्झांडर एल्फिन्स्टनला उत्तरेत ॲबर्डीनकडचा किल्ड्रमीचा किल्ला दिला आणि उमराव केले. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या रणांगणावर हा उमराव आपल्या राजाबरोबरच मारला गेला. त्याची मुलगी युफिमिया हिला पाचव्या जेम्स राजापासून झालेला मुलगा रॉबर्ट स्टुअर्ट पुढे ऑर्कनी बेटांचा अर्ल झाला. त्या बेटांतही लॉप्नेस येथे एल्फिन्स्टनांची एक शाखा नांदली. फाईफ परगण्याच्या बाजूला बालमेरिनोचे उमराव ही आणखी एक शाखा. तिचा शेवट रक्ताने झाला. स्टुअर्ट राजवंशाच्या बंडात सामील झाल्याबद्दल सहावा लॉर्ड बालमेरिनो, आर्थर एल्फिन्स्टन, याचा लंडनच्या टॉवर हिलवर १७४६ च्या ऑगस्टात शिरच्छेद झाला, आणि उमरावकीही बुडाली.

ॲबर्डीनशायरमध्ये लोगी एल्फिन्स्टन येथे मुलगीच वारस राहिली, तेव्हा जावयाने आपल्या डॅलरिम्पल नावाला एल्फिन्स्टन जोडून घेतले. जमीन हवी तर नाव लावा, अशी ही अट. आपण मुलगा दत्तक घेतो, त्यांनी जावयाकडून नाव चालवले, हेतू एकच. तिथे इनव्हररी गावाजवळ १८०५ साली खुल्या झालेल्या कालव्याच्या टोकाला या घराण्यावरून ‘पोर्ट एल्फिन्स्टन’ वसले. कालवा रेल्वेने गिळला. बंदर नसलेले ‘पोर्ट’ अजून आहे.

निपुत्रिकांची वंशवेल

इथवर वतनदारीची कथा झाली. यापुढची गोष्ट नवलाची आहे. जे आडनाव आपल्या मायदेशात इतके विरळ, ते जगाच्या नकाशावर इतके दाट कसे? सामान्य हिशेब असा, की ज्याची मुले जास्त त्याचे नाव जास्त. एल्फिन्स्टनांनी हा हिशेब खोटा पाडला. हे नाव ज्यांनी सर्वांत दूर नेले ते बहुतेक निपुत्रिक होते.

पहिला विल्यम एल्फिन्स्टन, ॲबर्डीनचा बिशप. जन्म १४३१ च्या सुमाराचा. तो स्वतः एका धर्मगुरूचा मुलगा, म्हणजे त्या काळच्या कायद्याने अनौरस. त्याला पुढे चढण्यासाठी धर्मपीठाची खास माफी घ्यावी लागली. ज्याच्या जन्मावरच बोट ठेवले जाई, त्याने १४९५ साली पोपकडून सनद मिळवून ॲबर्डीनचे विद्यापीठ स्थापन केले. तिथे त्याने वैद्यक शिकवण्याचीही सोय केली. स्कॉटलंडमध्ये छापखाना यावा म्हणून धडपडणाऱ्यांत तो होता, आणि त्याने सिद्ध केलेला ॲबर्डीनचा प्रार्थनाग्रंथ १५१० साली एडिंबरोत छापून पुरा झाला. विद्यापीठातील लोकसंस्कृतीच्या अभ्यासकेंद्राला आजही एल्फिन्स्टन हेच नाव आहे. बिशपाला वंश नव्हता. पाचशे वर्षे विद्यार्थी त्याचे नाव घेत आहेत.

दुसरा माउंटस्टुअर्ट, आपला अलपिष्टन. तिसरा त्याचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. चुलता १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर, पुतण्या १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर, आणि दोघेही जन्मभर अविवाहित.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. माउंटस्टुअर्टचा चुलता ॲडमिरल जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन. १७९५ साली केप ऑफ गुड होप इंग्रजांकडे आणणाऱ्या मोहिमेत आरमाराचा प्रमुख हाच. १८१५ साली शरण आलेल्या नेपोलियनला ‘तुम्हाला सेंट हेलेनाला जावे लागेल’ हे सांगण्याचे काम त्याच्याच वाट्याला आले. त्याला मुलीच झाल्या. थोरलीने नेपोलियनच्या एका फ्रेंच सरदाराशी लग्न केले. तिची मुलगी लॅन्सडाउन घराण्यात पडली. आणि त्या मुलीचा मुलगा १८८८ ते १८९४ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. म्हणजे लॉर्ड लॅन्सडाउनच्या अंगात एल्फिन्स्टनांचे रक्त होते, नाव नव्हते. आणि मुंबईच्या रस्त्यांना एल्फिन्स्टनांचे नाव होते, रक्त नव्हते.

समुद्रावरून आलेले नाव

उमरावाच्या घरात थोरल्याला किताब आणि जमीन. धाकट्यांनी पोटापाण्याचे पाहावे. स्कॉटलंडची जमीन थोडी, आणि धाकटे फार. हे धाकटे आरमारात, लष्करात किंवा ईस्ट इंडिया कंपनीत शिरले. आपल्याकडे आलेल्या साहेबांत मालकम, ग्रँट डफ, मन्रो असे स्कॉच इतके का, याचे अर्धे उत्तर या धाकट्यांत आहे.

ऑर्कनीच्या शाखेतला जॉन एल्फिन्स्टन रशियाच्या कॅथरिन राणीच्या चाकरीत जाऊन ॲडमिरल झाला आणि १७७० च्या चेश्मेच्या लढाईत तुर्कांचे आरमार जाळणाऱ्यांत होता. दुसरा एक जॉन १७९४ साली फ्रेंचांशी झालेल्या मोठ्या सागरी लढाईत ‘ग्लोरी’ जहाजाचा कप्तान होता. त्याचे नाव कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका डोंगराला आहे. इजिप्तच्या किनाऱ्याजवळ तांबड्या समुद्रात एल्फिन्स्टन नावाचे प्रवाळाचे बेट पाण्याखाली आहे, आणि ते पाहायला जगभरचे पाणबुडे जातात. ओमानच्या मुसंदम टोकाशी डोंगरांत शिरलेल्या खाडीला इंग्रजांच्या नकाशांत हेच नाव होते. हिंदुस्थानची तार विलायतेला जोडताना १८६४ साली तिची केबल या खाडीतून नेली होती.

या घरात एक जण असाही निघाला, की ज्याने मुलूख जिंकला नाही, वर्णमाला जिंकू पाहिली. एडिंबरोत १७२१ साली जन्मलेला जेम्स एल्फिन्स्टन लंडनजवळ शाळा चालवी. कोशकार सॅम्युअल जॉन्सनचा तो स्नेही. इंग्रजी जसे बोलतात तसेच लिहावे असा त्याचा हट्ट होता, आणि त्यासाठी १७८६-८७ मध्ये त्याने भलेमोठे ग्रंथ स्वतःच्या शुद्धलेखनात छापले. लोक हसले. आपल्या आडनावाच्या शेवटचे, उच्चार नसलेले अक्षर तो लिहीतच नसे. त्याला आमच्या दादर-परळच्या प्रवाशांचे ‘एल्फिस्टन’ ऐकवले असते, तर त्याने त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते.

पुणे, मुंबई आणि काबूल

माउंटस्टुअर्टचा जन्म १७७९ चा. बाप एडिंबरोच्या किल्ल्याचा अधिकारी; किल्ल्यात फ्रेंच कैदी होते, आणि पोरगा त्यांच्याकडून क्रांतीची गाणी शिकून मोठ्याने म्हणत फिरे. चुलता विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन कंपनीचा डायरेक्टर होता. त्याच्या वशिल्याने सोळा वर्षांचा मुलगा १७९६ साली कलकत्त्यास उतरला. १८११ मध्ये तो पुण्याचा रेसिडेंट झाला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि तिच्याबरोबर त्याची पुस्तके व कागदही गेले. पुढच्या वर्षी पेशवाईच गेली. जिंकणारा आणि नव्या राज्याची घडी घालणारा माणूस एकच, हा आपल्या इतिहासातला विचित्र योग. त्याने साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवले; दक्षिणेच्या निधीतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू करवली. १८२७ साली तो परत निघाला तेव्हा मुंबईकरांनी दोन लाखांवर वर्गणी जमवली, आणि तिच्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवीत. दादाभाई, रानडे, डॉ. आंबेडकर तिथे शिकले. राज्य घेणाऱ्याच्या नावाच्या शाळेत राज्य परत मागणारे तयार झाले!

रेल्वेचे स्टेशन मात्र त्याच्या नावाचे नव्हते. ते पुतण्याचे, सत्तावन सालच्या गव्हर्नराचे. फोर्टमधले एल्फिन्स्टन सर्कलही त्याचेच. आणि १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेताना हजारो शिपाई आणि त्याहून अधिक बाजारबुणगे बर्फात मारवणारा म्हातारा, आजारी जनरल एल्फिन्स्टन तिसराच. तो माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. गंमत अशी, की काबूलच्या राज्यावरचा नामांकित ग्रंथ १८१५ साली माउंटस्टुअर्टनेच लिहिला होता, पेशावरपर्यंत जाऊन, काबूल न पाहता! ज्याने ते न पाहता जाणले त्याने त्या स्वारीविरुद्ध इशारा दिला होता, आणि ज्याच्या हाती फौज होती त्याने ती घालवली. त्या बर्फात गेलेल्यांत बहुसंख्य आपल्या देशाची माणसे होती. त्यांची नावे कुठल्या रस्त्याला नाहीत.

पाट्या उतरतात तेव्हा

एल्फिन्स्टन सर्कलचे १९४७ नंतर हॉर्निमन सर्कल झाले. कराचीची एल्फिन्स्टन स्ट्रीट १९७० साली झैबुन्निसा स्ट्रीट झाली. १९ जुलै २०१८ पासून एल्फिन्स्टन रोड स्टेशन प्रभादेवी झाले. त्याच्या आदल्या वर्षी, २९ सप्टेंबर २०१७ ला, तिथल्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २० हून अधिक माणसे गेली होती. त्या घरांत हे नाव आता कोणत्याही गव्हर्नराचे राहिलेले नाही. जवळचा जुना एल्फिन्स्टन पूलही नव्या पुलासाठी २०२५ च्या सप्टेंबरात वाहतुकीस बंद झाला. कॉलेजचे नाव आहे, महाबळेश्वरचा एल्फिन्स्टन पॉइंट आहे.

यावर कुणी हळहळतात, कुणी टाळ्या वाजवतात. मला वाटते, दोघांनीही थोडे स्कॉटलंडकडे पाहावे. हे नाव आपल्या जन्मगावच्या गढीतून पंधराव्या शतकातच निघाले. फोर्थच्या काठची त्याची दुसरी जहागीर १७५४ मध्ये डनमोर झाली. बालमेरिनोत ते कुऱ्हाडीखाली गेले. प्रत्येक ठिकाणी जमिनीचा धनी बदलला की पाटी बदलली. आपण आपल्या जमिनीचे धनी झालो आणि आपल्या ग्रामदेवतेचे नाव लावले, यात अधर्म नाही. प्रभादेवी तिथे एल्फिन्स्टनांच्या आधीपासून आहे.

चूक होते ती दुसरीकडे. पाटीबरोबर माहितीही पुसली, की शाळा ज्याच्या नावाची आणि फौज ज्याने बुडवली ते एकच वाटू लागतात. मग राग करायचा कुणाचा आणि आभार मानायचे कुणाचे, हेच कळेनासे होते. पाटी म्युनिसिपालिटीने बदलावी. वंशावळ मात्र मास्तरांनी जपावी.

आणि ते मूळचे खेडे? त्याच्या कथेत एक गोड वळण आहे. कंपनीचा डायरेक्टर असलेल्या त्या चुलत्याने फुलर्टन घराण्याच्या वारस मुलीशी लग्न केले, आणि तिच्याबरोबर कारबेरीचा वाडा एल्फिन्स्टनांकडे आला. हा वाडा मूळ गावापासून जेमतेम दोन-तीन मैलांवर. मुलीच्या लग्नाने गेलेला मुलूख साडेतीनशे वर्षांनी मुलीच्याच लग्नाने शेजारी आणून ठेवला. विसाव्या शतकात त्या वाड्यात लॉर्ड एल्फिन्स्टन राहत. १९६१ साली तो चर्चला देण्यात आला. उमरावकी आजही चालू आहे. ट्रेनंटजवळचे खेडेही आहे, गढीवाचून, खाणीवाचून. एडिंबरोला जाणाऱ्या मराठी माणसाने वाकडी वाट करून तिकडे जायला हरकत नाही. गावाच्या पाटीवर जे नाव दिसेल ते त्याला परके वाटणार नाही. दादरच्या पुढचे स्टेशन आले असे वाटून त्याने उतरायची घाई तेवढी करू नये.